गणित कच्चं, की शब्द अडतात?

"मॅडम, कितीही घोकून घेतलं तरी हिला गणित येत नाही. घरात अहिराणी बोलणं बंद करू का?" जळगाव-धुळ्याकडचे पालक हे इतक्यांदा विचारतात की एकदा लिहायलाच हवं.

मुलगी रावेरकडची, तिसरीतली. 'एकोणतीस' म्हटलं की 31 लिहायची, 'पंचवीस' म्हटलं की 52. "रमाकडे 8 केळी आहेत, सीमापेक्षा 3 जास्त. सीमाकडे किती?" उत्तर 11. 'जास्त' ऐकून तिने बेरीज केली, 'पेक्षा' निसटला.

मग मी बोलणंच थांबवलं. 8 केळी ओळीत मांडली, शेवटची 3 हाताने झाकली, आणि खाली सीमाची ओळ मांडायला तिला खुणेने सांगितलं. तिने बरोबर 5 मांडली.

मग तिच्या आईला विचारलं, "ताई, अहिराणीत गोष्ट नीट सांगते का?"
"नाही हो, तिथेही शब्द शोधत बसते. बोलायलाही उशिराच लागली."

इथेच उलगडलं. नुसती शाळेची मराठी नवी असती, तर अहिराणी सुरळीत असती. दोन्हीकडे अडतं तेव्हा मूळ भाषाविकासात असतं. तीस मुलांच्या वर्गात अशी साधारण दोन मुलं असतात आणि बहुतेकदा ती 'ढ' ठरतात. आधी कानांची तपासणी करून घ्या, मग वाचा-भाषा तज्ज्ञांना दाखवा. अहिराणी मुळीच बंद करू नका, तिचा तोच आधार आहे.

आपले आकडेही अवघड. पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतो, पण लिहायचा नंतर. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' आणलं तेव्हा खूप टीका झाली; या मुलांसाठी मला ती वाट योग्यच वाटते. आम्ही काड्यांचे 10-10 चे गठ्ठे रबराने बांधले. आधी 'वीस पाच' म्हणत मांडायचं, मग लिहायचं, शेवटी 'पंचवीस'. रोज दहा मिनिटं, चारच आकडे. पाचवा घेतला की पहिले विसरायची.

एके दिवशी तीन गठ्ठे समोर होते. मी एक काडी उपसली आणि सावकाश म्हटलं, "एक-उणे-तीस." ती थबकली. मग स्वतःच चार गठ्ठे ओढले, एक काडी काढली आणि म्हणाली, "एकोणचाळीस!" शब्दातच वजाबाकी दडलेली आहे, हे तिला हातांनी कळलं. पाठोपाठ तिने 49 आणि 59 न सांगता मांडले.

शाब्दिक उदाहरणही आता आधी वस्तूंनी मांडायचं, मग आकडे. आई अहिराणीत "कितला?" (किती?) विचारते, ती मराठीत उत्तर देते. अजून 99 ला अडते, कारण तिथे एकोणशंभर नाही, नव्व्याण्णव आहे. तेवढं पाठच करून घेतो आहोत.