वाचकांचे प्रश्न : टायबेरियसचं नाणं जड, सेव्हेरसचं हलकं, मग खोटं कुठलं?

प्रश्न : माझ्याकडे चांदीचे दोन रोमन डिनेरियस आहेत. टायबेरियसचा ३.६२ ग्रॅम भरतो, सेप्टिमियस सेव्हेरसचा २.९५ आणि तो दिसायलाही मळकट. मित्र म्हणतो दुसरा डुप्लिकेट आहे, विकणाऱ्याने गंडवलं. खरंय का? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

नाही हो काका, नुसत्या वजनावरून असं नाही म्हणता येत, उलट सेव्हेरसचं नाणं टायबेरियससारखं जड आणि पांढरंशुभ्र निघालं असतं तर मला जास्त शंका आली असती. दोघेही रोमचे सम्राट, पण दोघांच्या मधे दीडशेच्या वर वर्षं गेलीत आणि तेवढ्यात रोमची चांदी पार बदलली. टायबेरियसच्या वेळी (इ.स. १४ ते ३७) एका रोमन पौंडातून ८४ डिनेरियस पाडायचे आणि चांदी जवळजवळ शुद्ध असायची, मग इ.स. ६४ च्या सुमारास सम्राट नीरोने तेवढ्याच वजनात ९६ पाडायला लावले आणि वर तांबंही वाढवलं. सेव्हेरसने सैन्याचा पगार वाढवला, चांदी तेवढी आणायची कुठून, तर नाण्यातली चांदी साधारण निम्म्यावर आली. त्याचा मुलगा काराकाला याने २१५ मध्ये किरणांचा मुकुट घातलेल्या राजाचा चेहरा असलेलं मोठं नाणं काढलं, ते दोन डिनेरियसच्या भावाने चालवलं असं मानतात पण चांदी जेमतेम दीडाचीच, आणि २६० नंतर सम्राट गॅलिएनसच्या नाण्यांवर तर चांदीचा नुसता मुलामा उरला. म्हणून तुलना करायची ती त्याच राजाच्या, त्याच छापाच्या नाण्याशी. दोन वेगळ्या राजांची नाणी शेजारी ठेवून खरं-खोटं ठरत नाही, पण साम्राज्याची तिजोरी कशी रिकामी होत गेली ते मात्र हातात कळतं, आणि मला या छंदातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

आता घरी करण्यासारखी टेस्ट सांगतो. सोनारांकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या. त्यावर पाण्याचा हलका कप ठेवून आकडा शून्य करा, मग नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला आणि कडेला लागणार नाही असं धरा (पाणी डिस्टिल्ड, गाडीच्या बॅटरीत घालतात ते चालेल). जो आकडा येईल त्याने नाण्याच्या वजनाला भागायचं, म्हणजे धातू पाण्याच्या किती पट जड आहे ते कळतं. तुमच्या टायबेरियसला ०.३५ च्या आसपास आलं तर भागाकार १०.३ येतो, शुद्ध चांदीचा १०.४९ असतो, म्हणजे धातू तरी बरोबर आहे. ०.४१ वगैरे आलं तर आत तांबं किंवा जर्मन सिल्व्हर (नावाला सिल्व्हर, चांदी अजिबात नाही) समजा. सेव्हेरसला मात्र ०.३० ते ०.३१ यायला हवं, म्हणजे भागाकार साधारण ९.५ ते ९.८, कारण त्यात निम्मं तांबंच आहे, तिथे कमी आकडा बघून घाबरू नका. नाण्याला चीर असेल किंवा माती चिकटलेली असेल तर ही टेस्ट करू नका, जुनी चांदी आतून ठिसूळ होते आणि आकडाही चुकीचा येतो.

धातू बरोबर म्हणजे नाणं खरं असं पण नाही, चांदीचीच नवीन नाणी पाडून विकणारे आहेत. भिंगाखाली कड बघा, ओतीव नाण्याच्या कडेला जोडाची रेघ किंवा ती घासून काढल्याच्या खुणा असतात, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे असतात आणि अक्षरं साबणाच्या वडीवर झिजल्यासारखी गोल दिसतात. ठशाने पाडलेल्या नाण्यात अक्षराच्या बुडाशी धार असते. आणखी एक, दोन खरी नाणी एकाच ठशाची असू शकतात, पण कडेची चीर आणि छाप बाजूला सरकणं हे दोघांचं सेम टू सेम कधीच नसतं, तसं आढळलं तर किमान एक तरी दुसऱ्यावरून ओतलेलं किंवा दोन्ही तिसऱ्याच नाण्यावरून. जुळवायला अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा ओसीआरई हा ऑनलाइन कॅटलॉग फुकट आहे, राजाचं नाव टाकून छाप शोधता येतात.

प्रश्न : पावसाळ्यात नाणी काळी पडतात, टूथपेस्टने घासू का? (एक वाचक, ऐरोली)

अजिबात नको! टूथपेस्ट, चिंच, सिल्व्हर पॉलिश, काहीच नको, तो काळपटपणा नाण्याचं संरक्षण करतो आणि घासलेल्या नाण्याची किंमत पडते ती पडतेच. खाडीकाठची हवा दमट, त्यामुळे डब्यात सिलिका जेल ठेवा. मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा, त्यातून हिरवा चिकट थर सुटतो.

प्रश्न : अशी रोमन नाणी कल्याणच्या बंदरात यायची का? (कॉलेज विद्यार्थिनी, खारघर)

इ.स.च्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण (कॅलिएना) आणि सोपारा दोन्ही आहेत, पण तिथे असंही लिहिलंय की कल्याणला येऊन लागलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भरुचला नेलं जायचं. आणि भरुचला सोन्याचांदीचे डिनेरियस स्थानिक पैशाशी बदलून नफा मिळायचा, हेही त्यातच आहे. भारतात सापडलेले चांदीचे डिनेरियस बहुतेक ऑगस्टस आणि टायबेरियसचे आणि तेही जास्त करून दक्षिणेत, कोइम्बतूरच्या पट्ट्यात. नीरोच्या आधीची चांदी चांगली म्हणून आपले व्यापारी तीच घेत असावेत असं मला पटतं.

तू ठाण्या-रायगडकडची आहेस तर डिनेरियसच्या शेजारी क्षत्रप नहपानाचं (हा सातवाहनांच्या काळातला पश्चिमेकडचा शक राजा) चांदीचं नाणं ठेवून बघ. वजन २ ग्रॅमच्या आसपास, पण एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, ती हळूहळू बिघडत जातात, ठसा कोरणाऱ्याला बहुधा वाचताच येत नव्हती. नाशिकजवळ जोगलथेंबीला १९०६ मध्ये अशी १३ हजारांवर नाणी मिळाली आणि त्यातल्या बऱ्याचशा नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला, डोंगर आणि उज्जैन चिन्ह (चार टोकांना गोल असलेली फुली), खालून नहपानाचं नाक अजून डोकावतंय! नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेचं म्युझियम आहे, एकदा जाऊन ये.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत आहे, माझा संग्रह त्याला देता येईल का? (निवृत्त वाचक, वाशी)

देता येईल, पण तिकडे नेता येणार नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू धरलं जातं आणि ते देशाबाहेर न्यायला खाजगी माणसाला बंदी आहे, बॅगेतून एक जरी नेलं तरी. त्याच्या नावावर करा आणि नाणी इथेच लॉकरमध्ये ठेवा, खरेदीच्या पावत्या सोबत.