वाचकांचे प्रश्न: भत्ता वाढला, काम का नाही?

प्रश्न: आमची संस्था आफ्रिकेतल्या एका देशात ग्रामीण आरोग्य केंद्रांना मदत करते. गेल्या वर्षी घरभेटीमागे भत्ता सुरू केला. रजिस्टरं भरली, पण लसीकरण आणि समुपदेशन मागे पडलं. आता कर्मचाऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रशिक्षण’ घ्यावं का?

उत्तर: इतक्यात नको. कर्मचाऱ्यांनी तुमचं म्हणणं नीट ऐकलंय: ज्याला पैसे, ते काम आधी. रवांडात २००६ पासून केंद्रांना कामागणिक पैसे मिळू लागले. प्रसूतीमागे साडेचार डॉलर, पण पहिल्या प्रसूतिपूर्व तपासणीला दहा सेंटही नाहीत. केंद्रातल्या प्रसूती वाढल्या. गरोदरपणातल्या चारही तपासण्या पूर्ण करणाऱ्या बायका मात्र वाढल्या नाहीत. दराचा फरक तर होताच, शिवाय गरोदर बाईनं चार वेळा यावं हे केंद्राच्या हातात तितकंसं नसतं. जे हातात नाही त्यावर भत्ता लावला की एक तर माणूस हताश होतो, नाहीतर नोंदी रंगवतो.

म्हणून मानधन ठरलेलं ठेवा आणि भत्ता त्यावरचा छोटा हिस्सा असू द्या, तोही एकाच कामाला न जोडता. समुदाय आरोग्य कार्यकर्त्यांचा मोबदला मुख्यतः कामगिरीवर अवलंबून नसावा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात.

त्याआधी दोन कागद काढा. पहिल्यावर गेल्या सहा महिन्यांतलं मानधन कधी द्यायचं होतं आणि हातात कधी पडलं, त्या तारखा. प्रवास आणि फोनचा खर्च कार्यकर्ती पदरचा करते आणि तीन महिन्यांनी परत मिळवते, म्हणजे ती संस्थेला बिनव्याजी कर्ज देते आहे. भत्ता वाढवण्यापेक्षा हे पैसे वेळेवर दिलेत तर उपयोग जास्त. दुसऱ्या कागदावर एकाच बाळाचं वजन किती ठिकाणी लिहावं लागतं ते मोजा. तान्ह्याचं कार्ड, वाढीचा तक्ता, लसीकरण रजिस्टर, मासिक अहवाल, वर मोबाइल ॲप! समुपदेशनाचा वेळ गेला कुठे, ते इथेच सापडेल.

यंत्रावर हजेरी लावण्याचा मोह होईल. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात परिचारिकांच्या हजेरीवर वेळ छापणाऱ्या यंत्रानं नजर ठेवली. सुरुवातीला हजेरी चांगलीच वाढली, पण दीड वर्षाच्या आत फरक उरला नाही.  वरिष्ठांनी मंजूर केलेले ‘सूट’चे दिवस, म्हणजे हजेरी न लावण्याची मुभा असलेले दिवस, वाढत गेले होते.

खरा फरक पर्यवेक्षणात पडतो आणि नेमकं तेच सगळ्यात स्वस्तात उरकलं जातं: गाडी आली, अहवाल घेतले, सह्या झाल्या, गाडी गेली. भेटीला किमान तीन तास द्या. आधी मागच्या भेटीत *तुम्ही* काय कबूल केलं होतं ते वाचा: वजनकाट्याची दुरुस्ती, ओआरएसची पाकिटं. मग कर्मचारी दोन रुग्ण तपासत असताना शांतपणे बघत बसा, मध्ये बोलू नका. रजिस्टरातली कुठलीही पाच नावं निवडून त्या घरी चौकशी करा. खोटी नोंद सापडली तर शिक्षेआधी कारण विचारा. शेवटी दोनच गोष्टी लिहून ठेवा, एक त्यांनी करायची, एक तुम्ही. दहा सुधारणांची यादी ठेवून आलात तर एकही होत नाही.

प्रश्न: मी परिचारिका आहे. सुट्टी घेऊनही थकवा जात नाही. हा बर्नआउट का?

उत्तर: आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउट हा आजार नाही, कामाशी निगडित अवस्था आहे. खुणा तीन: शक्ती संपणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. कारण कामात असल्यामुळे नुसती सुट्टी पुरत नाही. पाळ्यांचा तक्ता महिनाभर आधी मागा, रात्रपाळीनंतरचा दिवस मोकळा मागा. एकट्यानं केंद्र सांभाळत असाल तर रात्रीच्या बोलावण्यांची तारीखवार नोंद ठेवा, कारण तोंडी तक्रारीवर बदली माणूस मिळत नाही. मातेचा किंवा बाळाचा मृत्यू झाला तर चौकशीपासून वेगळं, त्याच दिवशी सहकाऱ्याशी बोलणं व्हायला हवं.

पण उदासी कामाबाहेरही पाठ सोडत नसेल आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकली असेल, तर नैराश्याची तपासणी करून घ्या. मरणाचे विचार येत असतील तर थांबू नका, आजच डॉक्टरांना गाठा.