गोकाकहून आणलेला चार वर्षांचा नर कुत्रा दोन दिवस नीट खात नाही, घरात पाय वर करतो. काय करू?

घाई करू नका. मोठ्या कुत्र्याला नवं घर अंगवळणी पडायला 2-3 महिनेही लागतात, सुरुवातीला तर तो नुसता भेदरलेला असतो. आधीच्या घरी ज्वारीची भाकरी-दूध खात असेल तर तेच द्या, नवं खाणं आठवडाभरात थोडं थोडं मिसळा. पाणीही पिईना तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.

आपल्या सीमाभागात एक गोष्ट हमखास विसरली जाते: तो कानडी घरातून आला असेल. आमचा खंड्या आणला तेव्हा "ये ये" म्हणून घसा सुकला, पठ्ठ्या पलंगाखालून हलेना. शेजारच्या अक्कांनी नुसतं "बा" (कानडीत 'ये') म्हटलं, कान टवकारले आणि सरपटत बाहेर आला! 'बा', 'बेडा' (नको) म्हणा, मग त्यालाच मराठी शब्द जोडा.

पाय वर करणं ही वासाने हद्द आखायची रीत आहे, मारू नका. जागा व्हिनेगर-पाण्याने पुसा, दर दोन-तीन तासांनी बाहेर न्या, पट्टा लावूनच. बिचकलेला कुत्रा सुटला तर जुन्या घराच्या ओढीने कुठेही पळतो. नसबंदीने ही सवय पुष्कळदा कमी होते. जुन्या घरातलं त्याचं गोणपाट मिळालं तर न धुता अंथरा.