तो येईपर्यंत

प्रिय बाळ,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मोबाइलवर कुणीतरी प्रभूच्या पुन्हा येण्याची तारीखच सांगितली, तेव्हापासून तुला झोप नाही आणि नर्सिंगचं शेवटचं वर्ष पुरं करण्यात काही अर्थ उरला आहे का, असं तुला वाटतं. दुसरी गोष्ट तू अगदी शेवटी घाईघाईनं लिहिलीस. प्रभूनं यावं असं मनापासून वाटतच नाही, निदान नोकरी आणि लग्न होईपर्यंत तरी नाही, आणि याची तुला लाज वाटते.

तारखेचं आधी उरकतो. तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, दूतांनाही नाही, पुत्रालाही नाही, असं स्वतः प्रभूनं सांगितलं. मग तारीख सांगणाऱ्याचं ऐकायचंच कशाला? अमेरिकेत विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकानं बायबलमधल्या दानीएलाच्या ग्रंथातल्या 2300 दिवसांवरून हिशेब मांडला. अखेर त्याच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस धरला. काहींनी शेतातलं पीकही काढलं नाही. दिवस उजाडला आणि मावळला. त्यांच्यातल्याच हायरम एडसननं पुढे लिहून ठेवलं की, आम्ही पहाट होईपर्यंत रडत राहिलो. त्या लोकांना हसावं असं मला कधीच वाटलं नाही. त्यांचं प्रभूवर खरं प्रेम होतं, आणि म्हणूनच मला तारखा सांगणाऱ्यांचा राग येतो.

आता तुझ्या दुसऱ्या गोष्टीकडे येतो. लाज वाटून घेऊ नकोस. विशीत जगावंसं वाटतं ते देवानंच दिलेलं आहे. आणि प्रभूची ओढ धाक दाखवून कुणाच्या मनात घालता येत नाही. ती बहुतेक वेळा दुःखाच्या वाटेनं येते.

ग्रीसमधल्या थेस्सलनीका शहरातली पहिल्या शतकातली मंडळी बघ. प्रेषित पौल तिथं थोडेच दिवस राहिला, दंगा झाला आणि त्याला रातोरात निघावं लागलं. मागे काही विश्वासी वारले. राहिलेल्यांना घोर लागला, प्रभू येईल तेव्हा आमच्या गेलेल्या माणसांचं काय? इ.स. 50 च्या सुमारास पौलानं उत्तर धाडलं: ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, मग आपण सगळे मिळून प्रभूजवळ राहू. आणि तो शेवट कसा करतो? ‘म्हणून ह्या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा.’ घाबरवा असं तो म्हणत नाही. हा उतारा मी कबरस्थानात कितीदा तरी वाचला. पेटी खाली उतरते, दोर वर ओढून घेतात, पहिली माती पडते, लोक हळूहळू फाटकाकडे वळतात आणि आई मात्र जागची हलत नाही. ‘प्रभू येणार आहे’ हे तिला वेगळं शिकवावं लागत नाही.

तू वॉर्डात काम करतेस. भाजून आलेली नवी सून तुला दिसेल, पैशांअभावी उशिरा आणलेलं लेकरू दिसेल. हे असं असता कामा नये, असं तुझ्या आतून उठेल. प्रकटीकरणात, बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, वेदीखालचे हुतात्मे ‘किती काळ, प्रभू?’ असं ओरडतात ना, तीच ती हाक. तो येणार तो न्याय करायला आणि डोळ्यांचे सर्व अश्रू पुसायला. त्या मुलीच्या उशाशी उभी असताना तुला त्याचं येणं लांबलेलं बरं वाटणार नाही.

अभ्यास सोडण्याचं मात्र मनातून काढून टाक. थेस्सलनीकातही काहींनी कामधंदा सोडला होता. त्यांना पौलानं दुसऱ्या पत्रात सरळ सुनावलं, ज्याला काम करायचं नाही त्यानं खाऊही नये. केडगावला पंडिता रमाबाई इब्री आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणत होत्या, 1922 मध्ये देवाघरी जाईपर्यंत त्याच कामात होत्या. त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात आश्रमातल्या मुलीबाया अक्षरांचे खिळे जुळवायच्या. ‘ये, प्रभू येशू’ ही बायबलच्या शेवटाकडची ओळसुद्धा एकेक अक्षर वेचूनच तयार झाली असणार. मला तर हे वाट पाहणंच वाटतं.

तेव्हा ते व्हिडिओ बंद कर. थेस्सलनीकाकरांची दोन्ही पत्रं एका बैठकीत वाच, अर्धा-पाऊण तास पुरे. परीक्षेचा फॉर्म भर. आणि पुढच्या प्रभुभोजनाला भाकर हातात असताना पाळकसाहेब ‘तो येईपर्यंत’ म्हणतील, तेव्हा वॉर्डातल्या एका रुग्णाचं नाव मनात घे आणि त्याच्यासाठी म्हण, ये, प्रभू येशू. स्वतःसाठी म्हणवत नसेल तर सध्या त्याच्यासाठीच म्हण.

नाताळच्या सुट्टीत आलीस की घरी ये. काकूही तुझी आठवण काढते.

तुझा,
पाळककाका