व्हिडिओवरचा डॉक्टर आणि खोलीचे भाडे

प्रश्न : तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे. बारा किलोमीटरवरच्या एका गावात खोली घेऊन शहरातील डॉक्टरांकडून व्हिडिओवर तपासणीची सोय करण्याचा विचार आहे. रुग्णामागे १०० रुपये घेतल्यास हे परवडेल का?

उत्तर : नुसत्या तपासणीच्या शुल्कावर परवडणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. भाडे, वीज व इंटरनेट यांचे ५,००० आणि रुग्णाजवळ बसणाऱ्या प्रशिक्षित मदतनिसाचे १२,००० असा महिन्याचा १७,००० रुपये खर्च धरला आणि शंभरातले ६० डॉक्टरांना गेले, तर उरलेल्या ४० रुपयांतून केवळ खर्च भागवायला महिन्याला ४२५ रुग्ण लागतील. २६ दिवसांच्या हिशेबाने रोज सोळा-सतरा. दीड-दोन हजार वस्तीच्या गावात, पावसाळ्यातली तापाची साथ सोडली, तर इतके रुग्ण रोज येणे कठीण. त्यात २०१९ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘ई-संजीवनी’ या ऑनलाइन वैद्यकीय सेवेवर डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो, तेव्हा शंभर रुपये कशाचे, हे रुग्ण विचारणारच.

त्याचे उत्तर मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने तमिळनाडूतील गावोगावच्या दृष्टिकेंद्रांमधून दिले आहे. तेथे प्रशिक्षित तंत्रज्ञ यंत्रावर डोळा तपासतो, डॉक्टर मुख्य रुग्णालयातून रुग्णाशी बोलतात, शुल्क नाममात्र असते आणि केंद्राच्या खर्चाचा मोठा भार चष्म्यांची विक्री उचलते. मोतीबिंदू निघाला, तर रुग्ण शस्त्रक्रियेसाठी त्याच रुग्णालयात जातो. पडद्यावरचे बोलणे हे तेथे दार आहे, दुकान आत आहे.

आपल्याकडे चष्म्याच्या जागी रक्तदाब व मधुमेह ठेवून पाहावे. हे रुग्ण दरमहा येतात, त्यांची औषधे ठरलेली असतात आणि तालुक्याला जायचे म्हणजे एस.टी.चे भाडे व एक दिवसाची मजुरी बुडते. ती वाचत असेल, तर लोक पैसे देतात. मात्र चिठ्ठीमागे डॉक्टरांना कमिशन देण्याचा मोह टाळावा. डॉक्टरांनी असे पैसे घेणे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार गैर आहे, आणि औषध कोठून घ्यायचे हे रुग्णानेच ठरवायचे असते.

२५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांमुळे नोंदणीकृत डॉक्टरांना व्हिडिओवर तपासून औषधे लिहून देता येतात व योग्य शुल्कही घेता येते. अमली आणि परिशिष्ट ‘एक्स’मधील (म्हणजे औषध नियमांतील कडक नियंत्रणाच्या यादीतील) औषधे मात्र लिहिता येत नाहीत. छातीत दुखणारा रुग्ण आला, तर कॅमेरा लावण्यात वेळ न घालवता त्याला सरळ १०८ च्या रुग्णवाहिकेने पाठवावे, हे मदतनिसाला पहिल्याच दिवशी बजावून ठेवावे.

खोली लगेच महिनाभरासाठी घेऊ नये. आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्या-वस्त्यांतील माणसे तशीही येतात. तेवढा एकच दिवस जागा घेऊन, रक्तदाबाचे यंत्र व ग्लुकोमीटर घेऊन बसावे, आणि तीन महिन्यांत तेच रुग्ण परत किती आले, हे वहीत मांडावे.