डॅग नॅस्टीचा एलपी 'हळू' वाटतोय? परत करायच्या आधी हे वाचा

तुमची पोस्ट वाचून हसू आवरलं नाही, राग मानू नका, पण 2010 साली मी अगदी हेच बडबडत होतो. मित्राने कॉपी करून दिलेली डॅग नॅस्टी या अमेरिकन हार्डकोर पंक बँडची टेप, त्यात त्यांचा पहिला गायक शॉन ब्राऊन गातोय, ती कॉलेजपासून झिजेपर्यंत ऐकली, आता 'डॅग विथ शॉन' एलपी घरी आला तर गाणी "हळू आणि जड" वाटतायत, रिमास्टरवाल्यांनी (जुनं रेकॉर्डिंग नव्याने साफ करणाऱ्यांनी) वाट लावली, परत करून ओरिजिनल प्रेसिंग, म्हणजे त्या काळी छापलेली रेकॉर्ड, शोधू का, असं तुम्ही विचारलंय. नका करू परत. आणि ओरिजिनल प्रेसिंग तर अजिबात शोधू नका कारण तसं काही नाहीच आहे. 1985 ची ती रेकॉर्डिंग्ज डिस्कॉर्ड या लेबलने पहिल्यांदा काढली तीच मुळी 2010 मध्ये, त्यामुळे खरं तर याला रिइश्यू (पुन्हा काढलेली रेकॉर्ड) म्हणणंही चूकच, पण सगळेच म्हणतात, मीही म्हणतो.

बँडचा इतिहास इथे उगाळत नाही, तुम्हाला माहीत असणारच. गिटारवाला ब्रायन बेकर, त्याचा आधीचा बँड मायनर थ्रेट, वॉशिंग्टन डीसी वगैरे.

माझी गोष्ट अशी. 98 साली एमएससाठी मेरीलँडला आलो, रूममेटने टेप दिली, आणि ती वाजवायला मी एका गराज सेलमधून पंधरा डॉलरला डबल कॅसेट डेक उचलला. बारा वर्षं तोच डेक. त्यावर ऐकून ऐकून गिटारवर सगळी रिफ (गाण्यातले गिटारचे तुकडे) बसवली. मग एलपी आला, लावला, आणि माझं डोकंच फिरलं. शॉनचा आवाज घोगरा, ड्रम दमल्यासारखे, आणि माझी बसवलेली रिफ त्याच्याबरोबर जुळेचना, बरोब्बर एक फ्रेट, म्हणजे गिटारच्या दांडीवरचं एक घर, वर. पेटीच्या भाषेत सांगायचं तर ते पांढरी एकमध्ये वाजवतायत आणि मी काळी एकमध्ये. एखाद्या शहाण्या माणसाला तिथेच संशय आला असता. मला आला तो लेबलवर! "यांनी स्पीड कमी केलाय" असं ठासून सांगत एलपी एका मित्राला देऊन टाकला (फुकट!) आणि लिलावाच्या साइटवर 'रेअर, ओरिजिनल, शॉन सेशन' अशा नावाने लावलेली एक रेकॉर्ड 85 डॉलरला घेतली.

ती आली. पांढऱ्या कव्हरवर झेरॉक्सचा कागद चिकटवलेला. लावली तर तीही हळू! तितकीच हळू, वर खरखर फुकट. म्हणजे कुणीतरी कॅसेटवरून चोरून छापलेलं बूटलेग, आणि तरी मला प्रकाश पडला नाही, मी टर्नटेबलला शिव्या घालत बसलो, पट्टा बदलला, आणखी वीस डॉलर.

त्या साइटच्या मदत विभागाबद्दल तर बोलायलाच नको. पाच ईमेल. मी म्हणतोय की अहो हे ओरिजिनल असूच शकत नाही, लेबलने याआधी ते काढलेलंच नव्हतं. ते म्हणतात, वस्तू वर्णनाप्रमाणे आहे का? मी म्हणतो वर्णनच खोटं आहे. ते म्हणतात, मग वर्णनाप्रमाणेच मिळाली ना? शेवटी 'तुमची तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे' असा ईमेल आला. कुणाचं समाधान झालं देव जाणे.

उलगडा केला आईने. सहा महिन्यांसाठी आली होती, येताना भावगीतांच्या कॅसेट घेऊन. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "अरे, या बाईंचा आवाज इतका चिरका का येतोय? सर्दी झाल्यासारखा." मी म्हटलं, आई, कॅसेट जुनी आहे. ती म्हणाली, जुनी कॅसेट खराब होते रे, पण गाणं लवकर कसं संपेल? मग बसलो घड्याळ घेऊन. जो अल्बम विकतच्या कॅसेटवरही होता आणि सीडीवरही, त्यातलं एक गाणं लावलं. सीडीवर तीन मिनिटं, माझ्या डेकवर दोन मिनिटं पन्नास सेकंद. झालं. जवळपास सहा टक्के जलद, म्हणजे बरोब्बर अर्धा स्वर, म्हणजे माझा तो एक फ्रेट. कॅसेट सेकंदाला 4.76 सेंटीमीटर सरकायला हवी, माझा डेक पाचच्या वर पळत होता आणि मी बारा वर्षं त्यालाच खरं डॅग नॅस्टी समजत होतो.

तेव्हा तुम्ही आधी हे करा, दहा मिनिटांचं काम आहे. विकतची कॅसेट आणि तोच अल्बम सीडीवर किंवा ऑनलाइन, वेळ मोजा. वेळ जुळली तर डेक ठीक, मग कदाचित ज्या डेकवर तुमची कॉपी झाली तो हळू चालत असेल, परिणाम तोच. डेकच जलद निघाला तर बऱ्याच डेकमध्ये मोटरच्या मागे बारीक भोक असतं, आत स्क्रू, तो किंचित फिरवून स्पीड लागतो. पण मी काही साउंड इंजिनियर नाही, दिवसभर डेटाबेस सांभाळणारा माणूस आहे, आणि उघड्या डेकमध्ये मेन्सचा करंट असतो, तेव्हा माहिती नसेल तर हात घालू नका, शॉक बसला तर माझं नाव सांगू नका.

आता संगीताचं, कारण तुमच्या "जड" या शब्दावर माझा आक्षेप आहे. सगळे म्हणतात की या बँडमध्ये मेलडी आली ती शॉनच्या जागी डेव्ह स्मॉली गायला आल्यावर, 'कॅन आय से' या अल्बममध्ये, 86 साली. मीही तेच मानायचो, कारण माझ्या जलद टेपवर सगळंच किरकिरं व्हायचं, शॉन म्हणजे नुसता आरडाओरडा. योग्य स्पीडला ऐका. बेकरची गिटार कॉर्ड्स मोकळ्या सोडते, तारा घुमत राहतात, मेलडी तिथे आधीपासूनच आहे, शॉनचा खर्जातला आवाज तिच्या अंगावर धावून जातो आणि त्या दोघांच्या ओढाताणीत मजा आहे. बरीचशी गाणी तीच असल्याने एक इकडचं, एक तिकडचं असं पाठोपाठ लावता येतं. स्मॉली गिटारच्या बाजूने गातो, शॉन विरुद्ध. मला शॉनचं जास्त आवडतं आता, यावर भांडायला लोक येतील, येऊ देत. (शॉन आवडला तर त्याचा नंतरचा बँड स्विझही ऐका, फार कमी लोक जातात तिकडे.)

आणि हो, टेप डिजिटाइज करणार असाल तर नॉइज रिडक्शन लावू नका, झांजांची माती होते. टेप फेकूही नका, एलपी ती एलपी आणि आपली टेप ती आपली टेप.

माझा एलपी त्या मित्राकडेच आहे. दोनदा मागितला. तो म्हणतो, "तुला हळू वाटतो ना?"