डबा ऐसपैस, मुक्काम स्लाऊ

प्रश्न : आम्ही लंडनजवळ स्लाऊला राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार. मी साताऱ्याला वाड्यात वाढलो; सुट्टीत दिवसभर विटीदांडू, लगोरी, सूरपारंब्या. हे सांगायला लागलो की मुलगा "बाबा, झालं परत सुरू" म्हणतो आणि टॅबलेट उचलतो. मागच्या खेपेला हौसेने विटीदांडू आणला, तो गराजमध्ये पडून आहे. काय करावं?

उत्तर : विटीदांडू गराजमध्येच राहू द्या. एकाला एक चिकटलेली घरं, मागे काचेची कन्झर्व्हेटरी. उडालेली विटी शेजाऱ्याकडे शिरली की महिनाभर तोंड लपवत फिराल.

गोष्टीही थोड्या आवरा. "आमच्या वेळी" म्हटलं की मुलाला वाटतं, बाबा आपल्याला बोलतायत. शिवाय आपण त्यातलं सोयीचं तेवढंच सांगतो. दिवेलागणीला मुलींना घरात बोलावलं जायचं आणि मुलगे आणखी तासभर हुंदडायचे, हे कोणी सांगत नाही. गोट्या खेळणारा पोरगा वाया गेला म्हणत, तेही नाही.

तुमच्या पत्रात खेळांची नावं आहेत, सवंगड्यांचं एकही नाही. वाड्यात लहानमोठी पोरं एकत्र असायची. मोठी माणसं आपापल्या कामात. राज्य कोणावर, चिडीचा डाव कोण खेळला, हे सगळं पोरंच निस्तरायची. तुमच्या मुलाच्या वाट्याला येते ती आठवडाभर आधी मेसेजवर ठरलेली प्लेडेट, नाहीतर वयानुसार गट पाडलेला फुटबॉल. त्यामुळे आधी टोळी जमवा, खेळाचं मग बघू.

ब्रिटनमध्ये त्याची एक चांगली सोय आहे. बऱ्याच ठिकाणी कौन्सिलच्या परवानगीने रहिवाशांना आपला रस्ता ठरावीक तास-दोन तास वाहनांना बंद ठेवता येतो. त्याला 'प्ले स्ट्रीट' म्हणतात. ही चळवळ ब्रिस्टलमध्ये सुरू झाली. दोन्ही टोकांना पालक उभे राहतात आणि रस्त्यावरच राहणाऱ्याची गाडी आली तर पायी चालण्याच्या वेगाने आत सोडतात. तुमच्या कौन्सिलकडे चौकशी करा. नाही जमलं तर जवळचं पार्क आहेच. वार आणि वेळ मात्र बदलू नका. जूनमध्ये तिथे सूर्य नऊनंतर मावळतो, तेव्हा ऑफिसचं कारण चालणार नाही. खुर्च्या आणि चहाचा थर्मास घेऊन लांब बसा. भांडण लागलं तरी उठू नका. रक्त आलं तर उठा.

सुरुवात डबा ऐसपैसने करा. बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा पुरे, आवाज चांगला येतो. एकाने तो लांब भिरकवायचा, राज्य असलेल्याने उलटं चालत आणून वर्तुळात ठेवायचा, तोवर बाकीच्यांनी लपायचं. दिसेल त्याचं नाव घेऊन डब्यावर आपटायचं. पण कोणी आधी येऊन डबा उडवला की सापडलेले सगळे सुटले, पुन्हा राज्य. शर्टांची अदलाबदल करून चुकीचं नाव घ्यायला लावायची युक्ती मात्र मुलाला सांगू नका. ती त्याची त्याला सुचू दे. लगोरीसाठी बागकामाच्या दुकानातले स्लेटचे सात चपटे तुकडे आणि टेनिस बॉल बास. किनाऱ्यावरचे गोटे उचलून आणू नका, तिथे बऱ्याच ठिकाणी मनाई असते.

हे आपल्याच चार घरांत ठेवू नका. शरद ऋतूत हॉर्स चेस्टनटची फळं पडली की शेजारच्या आजोबांना बोलवा. कॉन्कर्स हा तिकडचा जुना खेळ: ते बी दोरीत ओवून समोरच्याच्या बीवर हाणायचं, ज्याचं फुटेल तो हरला. भोवऱ्यावर आर मारून खोक पाडणाऱ्या माणसाला यात नवीन काहीच नाही. आणि पोरांना पळापळीची चटक लागलीच, तर खो-खो आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात इंग्लंडचाही संघ होता.

राहिली धाकटी. तिला लिंबूटिंबू करा. ती सगळ्यांबरोबर पळेल, लपेल, ओरडून दुसऱ्यांच्या जागा दाखवून देईल, पण तिच्यावर राज्य येणार नाही. मुलगा चिडेल, हे अन्यायाचं आहे म्हणत तुमच्याकडे येईल. त्याला परत टोळीकडे पाठवा.